वामनराव बाळंतपणाला जातात

मंडळी, सरका थोडी पुढे. मागच्यांना खांबाला टेकून झोपायचं असेल तर खुशाल झोपा. फक्त घोरू नका, तबल्याचा ठेका चुकतो.

पूर्वरंगात मी म्हणालो, हा देह म्हणजे चार दिवसांचा मुक्काम, आणि माणूस इथे पाहुणा. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. माना डोलावण्यात आपला हात कुणी धरणार नाही! आता मी विचारतो, पाहुणा म्हणून परक्या मुलखात जायचं, तर तयारी कशाची करायची? बोला. कपडे? औषधं? — लोणचं? कोण बोललं ते? बरोबर आहे तुमचं. आपला माणूस वैकुंठालासुद्धा लोणचं घेऊन जाईल, आणि दारातच विचारील, जरा जुनं वर्तमानपत्र मिळेल का, तेल सुटलंय.

पण मी सामानाचं विचारत नाही. परक्या दारात उभं राहिलं की आतून पहिला शब्द येतो, "कोण आहे?" त्याचं उत्तर आपल्याजवळ आहे का? आजचा प्रश्न एवढाच. याला मी पुराणात दाखला शोधला, मिळाला नाही. म्हणून आजचं आख्यान हल्लीचं आहे. यात देव नाही. राक्षसही नाही. राक्षस असता तर बरं झालं असतं, शेवटी त्याला मारून आपण आरतीला मोकळे झालो असतो.

तर ऐका!

कोकणातलं एक तालुक्याचं गाव. तिथे वामनराव पाटणकर. नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी लिहायचे. तेहतीस वर्षं नोकरी. गावात जो जन्मला तो वामनरावांच्या अक्षरात जन्मला, आणि जो गेला तो त्यांच्याच अक्षरात गेला. अक्षर म्हणजे मोती! लोक म्हणायचे, मरायचंच आहे तर वामनराव निवृत्त व्हायच्या आत मरावं.

त्यांची पत्नी मृणालताई. कमी बोलणारी बाई. वामनराव सांगायचे, "आमच्या घरात छत्तीस वर्षांत भांडण नाही." भांडणाला दोन माणसं लागतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

एकुलती एक मुलगी ऋजुता. जावई मंदार, इंजिनियर. आखातातल्या एका देशात समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आहे, तिथे नोकरीला. देशाचं नाव मी घेत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांचे जावई तिकडेच आहेत. देश मोठा सोवळा, रीतीभातींना धरून असलेला. तिथे म्हणे बायका वेगळ्या बसतात, पुरुष वेगळे बसतात!

मंडळी, जरा डावीकडे बघा. आता उजवीकडे बघा.

असो. पुढे चला.

दोन वर्षांपूर्वी ऋजुताला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. तिथल्या रुग्णालयात बाळंतिणींच्या विभागात पुरुषाला पाऊल टाकता येत नाही. नवरा असला तरी नाही. घरातली एखादी बाई असेल तर तिला उशाशी बसू देतात. ऋजुताजवळ बाई नव्हती. भिंतीच्या अलीकडे मंदार, पलीकडे ती, आणि भोवती परक्या भाषेतली धावपळ. सात तास. मूल राहिलं नाही. आणि ते राहिलं नाही हे तिला कळायलाही वेळ लागला, कारण सांगणारीची भाषा तिला येत नव्हती.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पाचवा संपत आलेला. विमानाने प्रवास करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणजे इकडे माहेरी येणं बंद. तिनं फोन केला. म्हणाली, "आई, या वेळी तू हवीस. बाकी काही आणू नकोस."

एवढंच मागणं! लाडू नको, काढा नको. आई हवी.

झालं. घरात तयारी सुरू झाली. आणि तयारी म्हटल्यावर शेजारचे फणसे आले. प्रत्येक गल्लीला एक फणसे असतो. नसेल तर समजा तो तुम्हीच आहात. हे सदाशिव फणसे वाचनालयाच्या हॉलमध्ये दर शनिवारी वर्ग घ्यायचे: 'पहिला परदेश प्रवास, पूर्वतयारी आणि सावधगिरी'. स्वतः गोव्याच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण अनुभव आड आला की मार्गदर्शन कोतं होतं, असं त्यांचं मत.

फणशांनी एक्केचाळीस मुद्द्यांचा कागद काढला. अंगणात खुर्ची घेतली आणि वाचायला लागले. बाही मनगटापर्यंत. कपडा सैल, अंगाचा आकार दिसता कामा नये. डोकं झाकायला ओढणी कायम जवळ. परपुरुषाशी हस्तांदोलन नाही, त्यानं हात पुढे केला तरी आपण छातीवर हात ठेवायचा. नजर खाली. आवाज खाली. चारचौघांत हसायचं नाही, दात तर नाहीच. जेवताना, देता-घेताना उजवा हात. पायाचा तळवा कुणाच्या तोंडासमोर येऊ द्यायचा नाही. एकटीनं बाहेर पडायचं नाही. त्यांच्या उपासाच्या महिन्यात दिवसा बाहेर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. बायकांचे, सरकारी इमारतींचे फोटो नाहीत. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी. आणि खसखस! खसखशीचा एक दाणा बॅगेत सापडला तर सरळ तुरुंग.

एक्केचाळीस मुद्दे वाचून फणशांनी पाणी प्यायलं. मृणालताई भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, खसखशीचं ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंत."

"आणि बाकीचे चाळीस?"

"ते मला एकविसाव्या वर्षीच सांगितले होते. याच अंगणात."

फणसे हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

मंडळी, मग फणशांनी सराव घेतला. तोंडी परीक्षा! मृणालताई पहिल्या फेरीत पास. वामनराव नापास. फणसे परक्या घरची गृहिणी झाले, दारात उभे राहिले, आणि वामनरावांनी हात पुढे करून मोठ्यानं विचारलं, "काय वहिनी, मंडळी आहेत का घरात?" बसायला सांगितलं तर पायावर पाय टाकून तळवा थेट फणशांच्या नाकासमोर. शेवटी फणसे म्हणाले, "वामनराव, तुम्ही नाही गेलात तरी चालेल." वामनराव म्हणाले, माझं कुठं जायचं ठरलंय? बाळंतपणाला पुरुष काय करणार?

हे वाक्य लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ते घरोघर ऐकायला मिळतं.

मृणालताईंनी जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. डिंकाचे लाडू केले, खसखस न घालता. शेपा, ओवा, वेखंड, सगळं पुड्यांत. पूर्ण बाह्यांचे चार पोशाख शिवून घेतले. पासपोर्ट आला, वामनरावांनी कागद स्वतः लावले होते. आधार कार्ड आणि शाळेचा दाखला, दोन्हींवर अक्षर न अक्षर सारखं. वामनराव खूश. कागद जुळले की वामनरावांना समाधी लागायची.

आणि मंदारनं तिकडे अर्ज केला. आठ दिवसांत उत्तर आलं. नामंजूर.

कारण? 'अर्जदार स्त्री ही सदर मुलीची आई असल्याचे सिद्ध होत नाही.'

पेटीवाले, जरा थांबा. हे वाक्य पुन्हा ऐकू द्या सगळ्यांना. आई असल्याचे सिद्ध होत नाही!

मंदार कचेरीत गेला. समोर एक म्हातारा अधिकारी. पांढरी दाढी, हातात काळ्या चहाचा छोटा पेला. दुभाष्या मधे. अधिकाऱ्यानं दोन कागद शेजारी ठेवले. एक ऋजुताचा जन्मदाखला, त्यावर आईचं नाव मृणाल. दुसरा तिच्या आईचा पासपोर्ट, त्यावर नाव द्वारका.

त्यानं शांतपणे विचारलं, "सावत्र आई आहे का?"

मंदार म्हणाला, नाही, सख्खी. दोन्ही एकच. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात.

"घराण्याचं नाव?"

"ते तर बदलतंच. पण बाईचं स्वतःचं नावसुद्धा."

म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला. "आमच्याकडे बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. मरेपर्यंत. तिच्या थडग्यापाशीही तेच." मग जरा पुढे वाकून, हळू आवाजात, म्हणजे जावयाला अवघड वाटू नये म्हणून, विचारलं, "तुमच्या सासूबाईंनी तरुणपणी काही गुन्हा केला होता का?"

हसू नका मंडळी. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या मुलखात नाव बदलून राहतो तो फरारी. त्याला दुसरं कारण सुचेना!

मंदारनं सासऱ्यांना फोन लावला. बाबा, आईचं नाव का बदललं होतं? वामनराव ओशाळले. म्हणाले, "आमची आत्या होती ना."

तर ती गोष्ट अशी. ही मुलगी मूळची द्वारका नारायण भिडे. लग्न ठरलं. पण वामनरावांच्या घरात त्यांची आत्या राहायची, तिचं नावही द्वारका. आता घरातल्या थोर माणसाचं नाव सुनेला कसं राहू द्यायचं? हाक मारायला एक वेळ चाललं असतं. पण सुनेवर ओरडायचं कसं? प्रत्येक वेळी आत्याबाईंना ओरडल्यासारखं होणार! तेव्हा ताटात तांदूळ पसरले, वामनरावांच्या हातात अंगठी दिली आणि वडीलधारे म्हणाले, लिही. वामनरावांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, मृणाल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलीला कुणी विचारलं नाही, कारण विचारायची पद्धत नव्हती. मग ते तांदूळ सारखे करून टाकले.

आत्याबाई चार वर्षांनी गेल्या. नाव मोकळं झालं. पण परत कुणी दिलं नाही.

आणि हो, आधार कार्डावर 'द्वारका' कुठून आलं? शाळेच्या दाखल्यावरून आलं. कार्ड आलं, कपाटात गेलं. नवऱ्यानं जन्मतारीख तपासली, पत्ता तपासला. नाव वाचायचं काय कारण? बायको आपलीच आहे! पासपोर्टाच्या वेळी नाव जुळवलं, तेही कागदाशी कागद; घरातल्या बाईशी नाही.

वामनराव नगरपालिकेत गेले. आपल्याच जुन्या टेबलासमोर उभे राहिले, पलीकडे त्यांनीच शिकवून तयार केलेला कारकून. त्यानं नोंदवही काढली. एकतीस वर्षांपूर्वीचं पान. मुलीचे नाव ऋजुता. वडील वामन. आई मृणाल. खाली सही, वामनरावांची. त्या दिवशी त्यांनी खास नवा टाक वापरला होता.

म्हणाले, ही नोंद दुरुस्त करायची आहे.

कारकून म्हणाला, "सर, चूक असली तर दुरुस्ती होते. ही चूक कुठे आहे? त्या दिवशी बाईंचं नाव मृणालच होतं ना?"

"होतं."

"मग?"

वामनरावांनी नोंदवही मिटली. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांना हेच सांगून परत पाठवलं होतं. तेही अगदी गोड आवाजात.

वकिलानं मार्ग सांगितला. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करायचं, ते राजपत्रात छापून आणायचं, मग शिक्क्यांवर शिक्के घेत तिकडे पाठवायचं. आणि प्रतिज्ञापत्राला दोन साक्षीदार हवेत, सासरचे चालणार नाहीत. लग्नाच्या आधीपासून बाईंना द्वारका म्हणून ओळखणारे, आणि त्याच आज मृणाल आहेत हे सांगणारे.

दोनच! किती सोपं. नाही का?

नवरा-बायको तरीतून खाडीपलीकडे तिच्या माहेरी गेले. आईवडील केव्हाच गेलेले, भाऊही गेलेला. भावजय होती. तिनं चहा केला, आदर केला. नाव विचारल्यावर गोंधळली. "मी या घरात आले तेव्हा यांचं लग्न झालेलं होतं. मी वन्संच म्हणते." शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "ओळखते की! भिड्यांची थोरली." नाव? "थोरलीच म्हणायचो गं तुला."

तिच्या शाळेच्या वर्गातले एक बापू होते. ओट्यावरच बसलेले. मृणालताईंना बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला, की वकिलानं तेवढ्यावरच शिक्का मारावा! पण तेवढ्यात त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. बापूंनी जमिनीकडे बघत सांगितलं, मुलींची नावं काही आठवत नाहीत बुवा. मृणालताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. रीतीभातींचे देश त्यांना चांगले ठाऊक होते.

शेवटी एक मैत्रीण सापडली. यमुना. शाळेत एका बाकावर बसायच्या दोघी. आता तालुक्याच्याच गावात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत होती. तिनं दार उघडलं, दोन क्षण बघितलं, आणि म्हणाली, "द्वारके, मेले, किती वाळलीस!"

मंडळी, छत्तीस वर्षांनी कुणी तिला त्या नावानं हाक मारली होती. मृणालताई उंबऱ्यातच बसल्या. वामनराव जिन्यात उभे होते. त्यांना वाटलं, उन्हानं चक्कर आली असेल.

यमुना म्हणाली, सही काय, अंगठासुद्धा देते. तिघं वकिलाकडे गेले. वकिलानं तिचं कार्ड मागितलं. कार्डावर नाव अपर्णा.

वकील म्हणाला, "बाई, द्वारकाबाईंना ओळखत होती ती यमुना. तुम्ही तर अपर्णा. तुम्ही यमुना आहात, याला साक्षीदार कोण?"

ती म्हणाली, "ही आहे की."

"ही कोण?"

वकिलानं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

मग बाहेर बाकावर बसून दोघी जणी बोटं मोजायला लागल्या. दहावीला सोळा मुली होत्या वर्गात. अकरा जणींची नावं लग्नात बदललेली, यमुना त्यांतलीच. तिघी वारलेल्या, त्यांचंही काय नाव लिहून नेलं कुणास ठाऊक. एकीनं लग्नच केलं नाही, म्हणून तेवढी एकटी नावासकट शिल्लक! पण ती वृद्धाश्रमात. स्वतःलाही ओळखत नव्हती. आणि सोळावी ही बाकावर बसलेली. मंडळी, सोळा मुलींचा अख्खा वर्ग. पूर नाही, पटकी नाही, लढाई नाही. वाजतगाजत, अक्षता टाकून, जेवणावळी उठवून नाहीसा केला आपण. आणि कुणी तक्रार नोंदवली नाही.

पुढे शाळेच्या जुन्या हजेरीवरून, एका निवृत्त मास्तरांच्या सहीवरून मार्ग निघणार होता. पण त्याला दोन महिने लागणार होते. ऋजुताच्या हातात जेमतेम महिना होता.

मग एक दिवस मृणालताईंनी वामनरावांना सांगितलं, "तुम्ही जा."

वामनराव म्हणाले, अगं मी? मी जाऊन काय करू?

"तिच्याजवळ आपलं कुणी तरी असेल."

बायकोबरोबर त्यांनी आपलाही पासपोर्ट काढून ठेवला होता, परवाना नवव्या दिवशी आला. काही अडचणच नव्हती! वामन गोविंद पाटणकर. जन्मला तेव्हा वामन, मुंजीत वामन, लग्नात वामन, निवृत्तीच्या शालीवर वामन. फणशांच्या परीक्षेत नापास झालेला माणूस त्या देशाला चालला. पास झालेली बाई घरी राहिली.

मग उरलेल्या दिवसांत तिनं त्यांना शिकवलं. मागच्या पडवीत पाट मांडला. वामनराव लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून, पाय लांब करून बसले. तिनं पाट्यावरचा वरवंटा फडक्यात गुंडाळून त्यांच्या पायांवर ठेवला. "हे बाळ. मान इकडे. मानेखाली हात ठेवा. पाणी आधी पायावर घ्या, मग पाठीवर." पहिल्या दिवशी वरवंटा घसरला, वामनरावांच्या अंगठ्यावर पडला. ते कळवळले. मृणालताई म्हणाल्या, "बाळ पडलं. परत घ्या." बासष्ट वर्षांचा माणूस, रोज सकाळी दगडाला न्हाऊ घालतोय! तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ऋजुता झाली तेव्हा हे सगळं कोण करत होतं?" तिनं तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. ते पुन्हा पाणी घ्यायला लागले.

विमानतळावर तिनं तीनदा सांगितलं. बाळंतिणीला पहिल्यांदा शेपाचं पाणी. लाडू रोज एक, दोन नाही. आणि ती ओरडली तर घाबरू नका, तिच्या कपाळावर हात ठेवा.

वामनराव पोचले. छातीवर हात ठेवला, नजर खाली ठेवली, तळवा लपवला. एक्केचाळीस मुद्दे तंतोतंत पाळले. कुणाला काही बोट ठेवायला जागा नाही. बारा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, ऋजुताला कळा सुरू झाल्या. रुग्णालय तेच. दार तेच. आणि दारावर तोच नियम!

माझ्याकडे असं बघू नका मंडळी. नियम वामनरावांना माहीत नव्हता का? होता. मृणालताईंना? होता. जावयाला? होता. पण माणूस काय समजून जातो? वाटतं, आपण एवढ्या लांबून आलो, म्हाताऱ्या बापाला कोण अडवील? वाटतं, दारापर्यंत तर जाऊ.

ते दारापर्यंत गेले. परिचारिका बाहेर आली. मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, बाई कोण आहे हिच्याबरोबर? आई? सासू? बहीण?

मंदारची आई त्याच्या लहानपणीच वारलेली. बहीण नव्हती. वामनरावांनी हातातला फोन पुढे केला. म्हणाले, "हिची आई यात आहे. एवढा फोन तिच्या कानाशी धरा."

परिचारिकेनं मान हलवली. आत फोन चालत नाही. ती वाईट नव्हती हो. तिनं त्या फोनकडे जरा वेळ बघितलं, मग आत गेली आणि दार लागलं.

जो देशात शिरू शकला, त्याला त्या खोलीत शिरता येईना. जिला त्या खोलीत शिरता आलं असतं, तिला देशात शिरता आलं नाही. वामनराव पुरुषांच्या दालनात बसले. मांडीवर शेपाच्या पाण्याचा थर्मास. फोन चालूच होता. इकडे मृणालताई जात्याच्या खोलीत, फोन कानाला लावून. सहा तास. तिला तिकडच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता, कुणाच्या चपलांचा, मधेच दार उघडून मिटल्याचा. दार उघडलं की ती उठून उभी राहायची. कशासाठी? तिलाच विचारा. कोकणातल्या घरात उभं राहून आखातातल्या दारातून आत जाता येतं का?

मुलगी झाली. जगली. मंडळी, सोडा श्वास. आम्ही कीर्तनकार असलो तरी इतके निर्दय नाही.

दुसऱ्या दिवशी ऋजुता फोनवर बोलली. आवाज बसलेला होता. म्हणाली, "आई, मी हाका मारत होते गं."

"कुणी आलं का?"

"आल्या ना. प्रत्येक वेळी वेगळी बाई आली."

मृणालताईंनी विचारलं, बाळाला अंगावर घेतलंस का, पाणी गरम करूनच पितेस ना. ऋजुता हो म्हणाली. मग तिनं काही तरी विचारलं, ते मी सांगणार नव्हतो. विचारलं एवढंच की तू का नाही आलीस. खरं कारण तिला ठाऊक होतं. तरी विचारलं. आणि मृणालताईंच्या तोंडून निघून गेलं, "माझे कागद नव्हते गं." तेहतीस वर्षं ज्यानं कागदच लिहिले त्या माणसाच्या बायकोचे.

वामनरावांनी नातीला न्हाऊ घातलं. अगदी नीट, मानेखाली हात ठेवून. रोज. हे त्यांचं पुण्य, ते मी त्यांच्यापासून काढून घेणार नाही.

दोन महिन्यांनी राजपत्र आलं. शिक्के आले. सरकारनं छापून जाहीर केलं की द्वारका आणि मृणाल ही एकच बाई आहे. मृणालताईंनी घडी घालून ते कपाटात ठेवलं. बाळंतपण संपलेलं. पुढच्या वर्षी सवडीनं जाऊन याल, असं फणसे म्हणाले.

वामनराव परत आले. वाटेत त्यांनी काही तरी ठरवलं होतं. माणूस एकदा त्या बाकावर सहा तास बसला की काही तरी ठरवतोच. दुपारची वेळ. फाटक उघडून ते अंगणात आले. ती पाठमोरी, तुळशीजवळ सांडगे वाळत घालत होती. वामनरावांनी पिशवी खाली ठेवली आणि हाक मारली.

"द्वारका."

ती सांडगे घालत राहिली.

त्यांनी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. "द्वारका."

तिनं मान वर केली, फाटकाच्या बाहेर रस्त्याकडे बघितलं. कुणी तरी कुणाला तरी बोलावतंय, असं तिला वाटलं. आणि पुन्हा खाली वाकली.

ती रागावलेली नव्हती, मंडळी. रागावली असती तर मी हे आख्यान लावलंच नसतं. रागावलेल्या बाईची समजूत काढता येते.

तर बघा, उत्तर मिळालं? परक्या दारातून विचारलं, "कोण आहे?" आणि आपण इतकी तयारी केली होती, की उत्तर द्यायला कोणी उरलंच नव्हतं. तो देश सोवळा, तो देश मागासलेला, तिथे बायकांना हे नाही नि ते नाही. असेल बाबा! पण तिथल्या कचेरीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याला एवढं कळत होतं, की माणसाचं नाव काढून घेतात ते गुन्ह्यासाठी. आपल्याला ते अजून कळायचंय. आपण लग्नपत्रिका वाटतो.

आता उजवीकडे बसलेल्या पुरुषांना सांगतो. आरतीला उठायच्या आधी जरा मनाशी आठवून बघा. आपल्या घरातली बाई आपल्याकडे यायच्या आधी कोण होती? आईचं आठवा. आजीचं आठवा. कुणाकुणाला आठवतंय, हात वर करा.

लाजू नका. वर करा.

...बरं. तबलेवाले, तुम्हीही नाही? राहू द्या.

आणि डावीकडे बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, तुम्हाला मी काही सांगत नाही. तुम्ही फक्त एक करा. प्रसाद घ्यायला याल तेव्हा तुमचं पहिलं नाव मला कानात सांगा. मोठ्यानं नको, घरचे ऐकतील. मी लिहून घेणार नाही, तसं माझं अक्षरही चांगलं नाही. पण एकदा उच्चारून बघा. जीभ अडखळते का, तेवढं बघा. आणि नाही आठवलं, तर तसं सांगा. मी पुढचीला प्रसाद देईन, तुम्ही बाजूला थोडं थांबा. आठवेल. नाही आठवलं तरी थांबा.

उठा. आरती घ्या.